पंधराच्या जागी तीस

त्या मारुती ८०० च्या फ्यूजच्या डब्यात हिरवा फ्यूज कोणी बसवला, हे मी विचारत नाही. तुम्ही चौघं गाडीभोवती उभे होतात, चौघांनी तो बसताना पाहिला, आणि चौघांपैकी एकानेही बसवणाऱ्याचा हात धरला नाही. डब्याच्या झाकणावर त्या घरापुढे १५ छापलेलं आहे. तिथला फ्यूज निळा. निळा उडाला म्हणून दुसरा निळा लावलात. तोही उडाला म्हणून वीसचा पिवळा लावलात. पिवळाही गेला, तेव्हा तीसचा हिरवा. हिरवा टिकला आणि तुम्ही जॉबकार्डावर ‘दोष दूर केला’ लिहून कार्ड माझ्यापुढे सहीला आणलंत. त्यावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही.

दोष गेलेला नाही. तो होता तिथेच आहे. दोष आहे हे सांगणारी एकच गोष्ट त्या गाडीत उरली होती, ती तुम्ही काढून टाकलीत.

पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत फ्यूज कशासाठी, असं विचारलं की तुम्ही सगळे म्हणायचात, बल्ब जळू नये म्हणून. प्रत्येकाला मी तिथेच थांबवलं होतं. गाडीतला फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. बल्ब गेला तर बल्ब बदलता येतो. वायर तापली तर तिच्याबरोबर बांधलेल्या दहा वायरी तापतात, त्यांच्यावरचं प्लास्टिक मऊ होतं, तांब्याला तांबं लागतं. वर कार्पेट असतं, शेजारी सीटमधला फोम असतो, आणि मागे पेट्रोलची टाकी असते. म्हणून वायरीच्या जाडीवरून फ्यूजचा आकडा ठरतो. आकडा बदलायचा तर आधी सगळी वायर बदलावी लागेल, आणि ती बदलण्याचं कारणही नाही, कारण कारखान्याने हिशेब बरोबर केलेला आहे.

आता तुमच्या फ्यूजचा हिशेब करू. हा पात्याचा फ्यूज त्याच्या आकड्याच्या दुप्पट करंट गेला की जास्तीत जास्त पाच सेकंदांत उडावा, असं मानक आहे. सव्वा पटीच्या थोडं वर गेला की काही मिनिटांत उडतो. पण आकड्याच्या आत करंट असेल तर तो वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो, कारण तेच त्याचं काम आहे. काल तुम्ही गेल्यावर मी गाडी चालू केली, दिवे लावले, मागच्या सीटवर आपल्या शिपाईदादांना बसवलं आणि त्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावला. २८ अँपिअर. पार्किंगचे, नंबरप्लेटचे आणि मीटरचे दिवे मिळून साडेतीन अँपिअरही घेत नाहीत. बाकीचे साडेचोवीस कुठे जात होते? निळ्याला २८ म्हणजे जवळजवळ दुप्पट, तो काही सेकंदांत गेला. पिवळ्याला दीडपटीच्या जरा आत, तो काही मिनिटांनी गेला. हिरवा जाणारच नव्हता. चौदा व्होल्ट गुणिले साडेचोवीस अँपिअर, तुम्हीच करा. साडेतीनशे वॅटच्या आसपास येतात. आपल्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची आहे, आणि तिच्या टोकाला बोट लागलं की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. तशा चौदा आयर्नची उष्णता तुम्ही त्या गाडीच्या कार्पेटखाली सोडून दिलीत आणि गाडी धुवायला पाठवलीत.

शिपाईदादांना मागे का बसवलं, हे तुमच्यापैकी कोणाला सुचलं का? मला ते सुचलं याचं कारण मी गाडीच्या मालकीणबाईंना फोन केला. जॉबकार्डावर तुम्ही तक्रार लिहिली आहे, ‘टेल लॅम्प फ्यूज’. तीन शब्द. कधी जातो, दिवसा की रात्री, पावसात की उन्हात, खड्ड्यात की वळणावर, गाडीत कोण असताना, आधी कोणी काम केलंय का, यातलं काहीच नाही. बाईंनी मला दोन मिनिटांत सांगितलं की रात्री नातवाला क्लासमधून आणायला गेलं आणि तो मागे बसला की दिवे जातात. एकट्या असल्या की काही होत नाही. आणि दिवाळीच्या सुमारास मागे स्पीकर बसवून घेतले तेव्हापासून हे सुरू झालं. निम्मं निदान त्यांनीच करून दिलं. त्या तुमच्यापुढे उभ्या होत्या तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं नाही, कारण तुमचा हात आधीच फ्यूजच्या डब्यात गेला होता. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला वायरिंग कळत नसेल, पण त्याची गाडी त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. ती माहिती घेणं हे कामच आहे, त्याला वेळ घालवणं म्हणायचं नाही.

पुढे मी काय केलं ते नीट ऐका, कारण उद्या हेच तुम्हाला माझ्यादेखत करायचं आहे. त्या फ्यूजवर चालणारे सगळे बल्ब काढले, म्हणजे करंटला जायला रीतसर वाट उरली नाही. फ्यूज काढला आणि त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वायरीने जोडला. आता त्या मार्गात कितीही मोठा शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, काही जळत नाही, एकही फ्यूज वाया जात नाही. बल्ब विझलेला असेल तर त्या क्षणी शॉर्ट नाही. पेटला की आहे. मग डॅशबोर्डपासून हार्नेस हाताने दाबत, हलवत मागे सरकायचं आणि डोळा बल्बवर ठेवायचा. मागच्या डाव्या दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि बल्ब लख्ख पेटला. पाय काढला, विझला. पट्टी काढली, कार्पेट वर केलं. स्पीकरची वायर दाबून बसवायला कोणीतरी एक लांब स्क्रू थेट उंबऱ्याच्या पत्र्यात मारला होता. त्याचं टोक हार्नेसला घासत होतं. माणूस आत चढला की हार्नेस दबायचा आणि टोक तांब्याला लागायचं. पावसाचं पाणी तिथे साचून स्क्रू गंजला होता, पत्राही गंजला होता, त्यामुळे शॉर्ट पुरता होत नव्हता. म्हणून तुमचा हिरवा टिकला. शॉर्ट पुरता असता तर तोही उडाला असता आणि तुम्ही कदाचित शोधायला लागला असतात. अर्धवट शॉर्ट जास्त वाईट असतो, हे आज वहीत लिहून घ्या. तो फ्यूजला कळत नाही आणि तापत राहतो.

दुसऱ्या बाकावरच्यांनी माना खाली घालायचं कारण नाही, तुमचंही आहे. वर बघा.

तुमच्या गाडीचा सेल्फ टकटक करत होता, इंजिन फिरवत नव्हता. तुम्ही मालकाला नवी बॅटरी आणायला लावलीत. फरक पडला नाही. मग सेल्फ उतरवलात, कार्बन बदललेत, परत चढवलात. फरक पडला नाही. मग मला येऊन म्हणालात, सर, आर्मेचर गेलंय. कशावरून? तुमच्याकडे एकही आकडा नव्हता. मी विचारलं, अर्थची पट्टी पाहिलीत का? उत्तर आलं, हो सर, कंटिन्युइटी लावून पाहिली, बीप वाजतो.

बीप वाजतो. हे वाक्य मला या वर्कशॉपमध्ये पुन्हा ऐकायचं नाही. बीपच्या खुणेवर मीटर ठेवला की तो स्वतःच्या छोट्या सेलमधून चिमूटभर करंट सोडतो. पन्नास तारांच्या वायरीतल्या एकोणपन्नास तुटल्या आणि एक शिल्लक राहिली, तरी तेवढा करंट त्या एका तारेतून आरामात जातो आणि बीप वाजतो. एवढ्या लहान गाडीचा सेल्फसुद्धा शंभर अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. ते त्या एका तारेतून जाणार आहेत का? व्होल्टचंही तसंच. वायरीवर भार नसताना मोजलंत तर त्या एका तारेच्या टोकालाही बारा व्होल्ट दिसतील, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही. वायर चालू कामात असताना मोजायची असते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि एकाने किल्ली फिरवायची. चांगल्या पट्टीवर ०.३ व्होल्टच्या आत दिसायला हवं. तुमच्या गाडीवर २.४ दिसले. बॅटरीतून निघालेल्या बळातले जवळजवळ अडीच व्होल्ट त्या एका गंजलेल्या पट्टीत खर्च होत होते. नव्या बॅटरीचेही झाले, आणि नव्या आर्मेचरचंही काही भलं झालं नसतं.

आणि तुमच्यातल्या एकाने मला सांगितलं होतं, की मालक म्हणाले, गेल्या महिन्यात क्लचची केबल जाम झाली म्हणून बदलली. तुम्ही ते ऐकून सोडून दिलंत. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं असतं. अर्थची पट्टी काम करेनाशी झाली की सेल्फचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. इंजिनपासून बॉडीपर्यंत धातूच्या आणखी वाटा कोणत्या? क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल. सेल्फ मारल्यावर मी तुम्हाला क्लचच्या केबलला हात लावायला लावला, तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात. ती केबल महिनाभरापूर्वी याच कारणाने गेली होती, आणि नवीसुद्धा त्याच वाटेवर होती. केबल बदलणाऱ्याने केबल का गेली हे पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नाहीत. शेवटी पट्टीचे दोन बोल्ट सोडले, थिंबलखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून उघडा धातू आणला, पट्टी नवी घातली, वरून ग्रीस लावलं. पट्टी बॅटरीच्या तुलनेत कवडीमोल. मालकाचा बॅटरीचा खर्च मात्र होऊन बसला आहे, आणि त्यांनी तो आपल्या शब्दावर केला.

गाडी जुनी झाली की वायरिंगचं काय होतं, हे तुम्हाला कोकणात राहून सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसं या दमट हवेत तांबं कळकतं. वरचं कव्हर धडधाकट दिसतं आणि आत तार हिरवी-काळी पडलेली असते. एकदा जॉइंटमधून पाणी शिरलं की ते कव्हरच्या आतून वीत-दीड वीत चढत जातं. म्हणून तुटलेल्या टोकाला थोडं सोलून तिथेच जोड मारला की तो महिन्याभरात पुन्हा निघतो. तांबं लखलखीत लाल दिसेपर्यंत वायर मागे कापत जायची. ती कमी पडली तर मध्ये नवा तुकडा घालायचा, तितक्याच जाडीचा, आणि गाडीच्याच वायरीचा. मी तुमच्या एका गाडीत घरातल्या पंख्याची वायर पाहिली. गाडीची वायर इंजिनच्या उष्णतेला, तेलाला आणि सततच्या हादऱ्याला टिकेल अशी बनवलेली असते, तिच्यात बारीक तारा जास्त असतात. पंख्याच्या वायरीवरचं कव्हर बॉनेटखाली पहिल्या उन्हाळ्यातच कडक होऊन तडकतं.

आणि पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं बंद करा. बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, खालचा पीळ उघडा पडतो आणि तिथे पाणी बसतं. थिंबल किंवा स्लीव्ह क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा, साध्या पकडीने चेपू नका. पकडीने ती चपटी होते, आत तारा सैलच राहतात. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी घाला. सोल्डर केलंत तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधा, कारण सोल्डर तारांमध्ये जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत वायर काठीसारखी ताठ होते, आणि ताठ भाग संपतो तिथेच ती हादऱ्याने तुटते. एकाच ठिकाणी तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड मागेपुढे ठेवा, एकमेकांसमोर नको. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तर रबरी ग्रोमेट आहे ना ते पाहा, नसेल तर ते घातल्याशिवाय वायर ओवू नका. आणि टेस्ट लॅम्पच्या सुईने वायर टोचायची सवय सोडा. सुईच्या भोकातून या पावसाळ्यात पाणी शिरेल आणि पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी नव्या तक्रारीसह परत येईल. मोजायचं तर कपलरच्या मागच्या बाजूने मोजा.

वायरिंगचा नकाशा कपाटात आहे. दोन महिन्यांत तो कोणी बाहेर काढलेला नाही, हे त्यावरच्या धुळीवरून दिसतं. प्रत्येक गाडीच्या वायरींना रंगांची पद्धत असते. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट येणारी, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. मारुतीची जपानी पद्धत वेगळी. पुस्तकात बघितलं की कोणती वायर कुठून कुठे जाते ते कळतं, आणि वाटेत किती कपलर आहेत तेही कळतं. ते न बघता तुम्ही गाडीखाली शिरता, हाताला लागेल ती वायर कापता, आणि मग कापलेली आपलीच होती की दुसरी, हे शोधत बसता. गेल्या आठवड्यात हॉर्नसाठी कापलेली वायर ब्रेकलाइटची निघाली. ती गाडी तशीच रस्त्यावर गेली असती तर मागच्या माणसाला ब्रेक दिसला नसता.

एक गोष्ट मी इथे दरवाज्यावर लिहून लावली आहे आणि तरी मला पुन्हा सांगावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, पहिलं तेच, आणि जोडताना शेवटी तेच. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर पान्यातून जातात. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त असता. हातातलं कडं किंवा बोटातली अंगठी त्या वाटेत आली तर ती क्षणात लाल होते आणि बोटाभोवतीच असते, काढताही येत नाही. उद्यापासून कडं घालून कोणी गाडीला हात लावणार नाही. आईने घातलेलं आहे, देवाचं आहे, मला मान्य आहे. ते लॉकरमध्ये ठेवा आणि जाताना घाला.

तुमच्यातला एकजण परवा म्हणाला, सर, इतक्या जुन्या गाडीवर एवढा वेळ कशाला? मी ते ऐकलं आणि गप्प बसलो, कारण तेव्हा बोललो असतो तर फार बोललो असतो. आता सांगतो. मारुती ८०० रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात, आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. या गाड्या इतकी वर्षं चालल्या त्यामागे कारखान्याइतकीच रस्त्याकडेच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनांची मेहनत आहे. हातात एक टेस्ट लॅम्प, तोंडात टॉर्च, उलटं होऊन डॅशबोर्डखाली तासन्‌तास एकेक वायर शोधणारी माणसं. त्यांच्यातले अनेक जण कधी आयटीआयची पायरी चढले नव्हते. तुम्हाला संस्था मिळाली, मीटर मिळाले, पुस्तकं मिळाली. त्यांच्याइतकी चिकाटी तरी दाखवा. ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्याच गाड्या जुन्या असतात, आणि त्याच गाड्यांत ते आपली पोरंबाळं बसवतात.

वायरिंगमधला दोष शोधणं संथ काम आहे, आणि ते संथच करायचं असतं. विचारायचं, नकाशा पाहायचा, भाराखाली मोजायचं, दोन बिंदूंमधलं अंतर निम्मं करत जायचं, दोष डोळ्यांनी दिसेपर्यंत काहीही बदलायचं नाही. ‘सापडला’ हा शब्द मी तुमच्या तोंडून तेव्हाच ऐकून घेईन जेव्हा तुम्ही दोष मुद्दाम चालू करून दाखवाल आणि मुद्दाम बंद करून दाखवाल. माझ्या पायाने बल्ब पेटला आणि पाय काढल्यावर विझला, तसं. बाकी सगळा अंदाज, आणि अंदाजावर मी इथून गाडी बाहेर जाऊ देणार नाही.

उद्या सकाळी आठ वाजता चौघं मारुतीपाशी हजर राहा. निगेटिव्ह सोडा. तो स्क्रू काढा, पत्र्यातलं भोक साफ करून रंगवा आणि रबरी बुचाने बंद करा. हार्नेसवरची टेप दोन्ही बाजूंना हातभर उघडा आणि तापलेली प्रत्येक वायर मला दाखवा. जिचं कव्हर चिकट किंवा चकाकतं झालंय तिचा तो भाग बदलायचा. डब्यात निळा फ्यूज बसवा, मागच्या सीटवर दोघं बसा, दिवे लावून अर्धा तास गाडी चालू ठेवा आणि दर पाच मिनिटांनी क्लॅम्प मीटरचा आकडा कार्डावर लिहा. जुनं कार्ड फाडू नका, ते नव्याला टाचून ठेवा. दुपारी दोघांनी बाईंच्या घरी गाडी पोचवायची, तो स्क्रू आणि कापलेला वायरीचा तुकडा त्यांच्या हातात द्यायचा, आणि आधी तुम्ही काय केलं होतं तेही त्यांना सांगायचं. दुसऱ्या बाकाने आज संध्याकाळीच बॅटरीच्या मालकांकडे जायचं. त्यांची जुनी बॅटरी चार्जिंगला लावली आहे, ती भाराखाली तपासून ठीक निघाली तर त्यांना परत द्या आणि नवी दुकानदार परत घेतो का ते विचारून या.